जुन्या पेठेत ‘अ‍ॅडल्ट’ दुकान: विरोधाचे निवेदन कुठे टिकते आणि कुठे पडते

फेब्रुवारी २०२१ मध्ये गोव्यातल्या कळंगुट गावात प्रौढांसाठीच्या लैंगिक वस्तूंचे दुकान उघडले. देशातले अशा प्रकारचे पहिले कायदेशीर दुकान म्हणून त्याची चर्चा देशभर झाली, आणि साधारण महिनाभरात ते बंदही झाले. गावकऱ्यांच्या तक्रारी होत्याच. पण पंचायतीने कारवाई केली ती व्यापार परवाना नसल्याच्या कारणावरून. वस्तू अश्लील आहेत की नाहीत, हा प्रश्न सोडवायची वेळच आली नाही.

बेळगावहून चोर्ला घाट उतरला की गोवा, त्यामुळे हे उदाहरण आपल्याला परके नाही. असे दुकान उद्या खडेबाजारात, गणपत गल्लीत किंवा शहापूरच्या सराफ गल्लीत उघडले तर काय होईल, याचा अंदाज कुणीही बांधेल. गल्लीतले पंच बैठक घेतील, महिला मंडळे पुढे येतील, चन्नम्मा चौकातून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा जाईल आणि ‘आमच्या संस्कृतीवर घाला’ असे लिहिलेले निवेदन दिले जाईल. लोकांची तळमळ खरी असते. पण त्या निवेदनावर अधिकारी काय कारवाई करणार? संस्कृतीवरचा घाला कोणत्या कलमात बसतो, हे त्यात लिहिलेलेच नसते. म्हणून कायद्याचा कोणता धागा हाताला लागतो आणि कोणता सुटतो, हे मोर्चाच्या आधी समजून घ्यायला हवे.

‘अ‍ॅडल्ट स्टोअर’ असा वर्गच कायद्यात नाही

भारतातल्या कोणत्याही कायद्यात ‘अ‍ॅडल्ट स्टोअर’ नावाची दुकानांची वेगळी जात नाही. त्यामुळे त्याला वेगळी परवानगी नाही आणि सरसकट बंदीही नाही. कायदा फळ्यांवर ठेवलेल्या वस्तू पाहतो, आणि प्रत्येक वस्तूचा कायदा वेगळा आहे.

कंडोम, वंगण, अंतर्वस्त्रे यांच्या विक्रीला आक्षेप घेता येत नाही. त्या औषधाच्या आणि कपड्यांच्या दुकानांत रोज विकल्या जातात. सिल्डेनाफिल, टाडालाफिल असलेल्या गोळ्या मात्र डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत आणि त्यासाठी औषधविक्रीचा परवाना लागतो. शक्तिवर्धक तेले, फवारे, चूर्णे यांच्यासाठी १९५४ चा औषधे आणि जादूटोणा उपचार यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींबाबतचा कायदा आहे. लैंगिक सुखाची क्षमता टिकवण्याचा किंवा वाढवण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करणे हा त्या कायद्याखाली गुन्हा ठरतो. दुकानाच्या काचेवर चिकटवलेले पोस्टरही जाहिरातच असते. अशी पोस्टरे एरवीही आपल्या बसस्थानकांच्या आसपास दिसतात आणि कुणी तक्रार करत नाही, ही गोष्ट वेगळी.

उरतात दोन प्रकार: पुस्तके, चित्रे, चित्रफिती एकीकडे आणि लैंगिक उपकरणे दुसरीकडे. खरा वाद या दोन्हींचा आहे.

अश्लील काय, हे कोण ठरवते?

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम २९४ नुसार अश्लील पुस्तक, चित्र, आकृती ‘किंवा इतर कोणतीही वस्तू’ विकणे, भाड्याने देणे किंवा लोकांसमोर मांडणे गुन्हा आहे. पहिल्यांदा दोषी ठरल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपर्यंत दंड. पुन्हा ठरल्यास पाच वर्षे आणि दहा हजारांपर्यंत. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस न्यायालयाच्या आदेशाची वाट न पाहता नोंदवून घेऊ शकतात. पण जामीनपात्रही आहे.

कलम २९५ मुलांसाठी आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाला अशी वस्तू विकली, दाखवली किंवा दिली तर पहिल्या दोषसिद्धीला तीन वर्षांपर्यंत आणि नंतरच्या दोषसिद्धीला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आता अडचण अशी की ‘अश्लील’ हे गल्लीच्या बैठकीत ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अवीक सरकार खटल्यात जुनी ब्रिटिश कसोटी बाजूला ठेवली. अतिसंवेदनशील माणसाला काय वाटेल हे पाहायचे नाही. आजच्या समाजातल्या सर्वसाधारण माणसाच्या नजरेतून, पूर्ण संदर्भ पाहून ठरवायचे, असे न्यायालयाने सांगितले. याला ‘समाजमानाची कसोटी’ म्हणतात. हे समाजमान एका गल्लीचे किंवा एका समाजाचे धरले जात नाही.

उपकरणांबाबत मुंबई उच्च न्यायालयाचा मार्च २०२४ चा निकाल पाहण्यासारखा आहे. आयात केलेले बॉडी मसाजर लैंगिक कामासाठी वापरले जाऊ शकतात म्हणून ते अश्लील, असे सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी ठरवून माल अडवला होता. वस्तूचा काय उपयोग होऊ शकेल याच्या कल्पनेवरून तिला निषिद्ध ठरवता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले आणि माल सोडण्याचा आदेश कायम ठेवला. तो निकाल आयातीपुरता आहे आणि मुंबईचा निकाल कर्नाटकातल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही. तरीही दुकानदाराचा वकील तो पहिल्याच दिवशी पुढे करणार, हे गृहीत धरा.

म्हणून ‘तिथे उपकरणे विकली जातात’ एवढीच तक्रार दुबळी आहे. त्या मानाने ‘रस्त्यावरून दिसेल अशा काचेत नग्न पुतळे मांडले आहेत’ ही तक्रार भक्कम आहे, कारण लोकांसमोर मांडणे हा कलम २९४ मधला स्वतंत्र गुन्हा आहे. जाहिरातीत बाईच्या देहाचे असभ्य चित्रण असेल तर १९८६ चा स्त्रियांचे असभ्य चित्रण प्रतिबंध कायदाही लागतो.

देवळापासून शंभर मीटरचा नियम लागतो का?

नाही. हा गैरसमज आपल्याकडे सगळीकडे आहे, आणि तो कुठून आला हेही कळते. कर्नाटकात दारूच्या परवान्यासाठी १९६७ च्या नियमांत देऊळ, मशीद, चर्च, शाळा, इस्पितळ, सरकारी कार्यालय यांपासून शंभर मीटरची अट आहे. बारविरोधी आंदोलने बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांत अनेकदा होतात आणि तिथे टेप घेऊन अंतर मोजणे हे सगळ्यात उपयोगी हत्यार असते. शाळा-कॉलेजांजवळच्या तंबाखू विक्रीलाही अंतराची बंदी आहे.

पण हे नियम त्या त्या मालापुरते आहेत. दारूचा नियम इतर दुकानाला लावा, अशी मागणी केली तर अधिकारी एका ओळीत फेटाळतो आणि निवेदनातले बाकीचे चांगले मुद्देही त्याबरोबर वाहून जातात.

इंटरनेटवरून उतरवलेल्या तयार मसुद्यांमुळे आणखी एक घोटाळा होतो. अमेरिकेत शहरे अशा दुकानांना अंतराच्या अटी घालू शकतात. डेट्रॉइट शहराच्या नियमाला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये आणि रेंटन शहराच्या नियमाला १९८६ मध्ये मान्यता दिली. रेंटनमध्ये प्रौढांच्या चित्रपटगृहांना घरे, चर्च, बाग आणि शाळा यांपासून हजार फुटांची अट होती. तिथला युक्तिवाद असा की शहर मालावर बंदी घालत नाही. आसपासची गुन्हेगारी, जागांच्या घसरणाऱ्या किमती अशा ‘दुय्यम परिणामां’ना आवर घालते. आपल्याकडे असा नियम कुणी केलेलाच नाही. त्यामुळे हजार फूट, दुय्यम परिणाम वगैरे शब्द आपल्या निवेदनात आले तर ते नक्कल केलेले आहे एवढेच कळते.

‘आमची पेठ ऐतिहासिक आहे’

आहेच. गणेश विसर्जनाची मिरवणूक ज्या रस्त्यांवरून कपिलेश्वर तलावाकडे जाते, शिवजयंतीचे चित्ररथ जिथून फिरतात, लग्नाचा बस्ता बांधायला खानापूर-चंदगडपासून बायका-माणसे जिथे येतात, त्या पेठेबद्दल लोकांना माया वाटते यात नवल नाही. शहापूर तर स्वातंत्र्याआधी सांगली संस्थानात होते. तिथल्या साड्यांना आणि सराफीला स्वतःचा इतिहास आहे.

पण वारसा जपणारे कायदे इमारतीला जपतात, धंद्याला नाही. केंद्राने संरक्षित केलेल्या स्मारकाभोवती, उदाहरणार्थ बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्ती या जैन मंदिराभोवती, शंभर मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढे दोनशे मीटरपर्यंत परवानगीची अट असते. ती खोदकाम-बांधकामाची अट आहे. जुन्या गाळ्यात भांडी विकायची की आणखी काही, यावर ती काही बोलत नाही.

शहर नियोजनाचा कायदा १९६१ चा. त्यानुसार बुडाच्या, म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरणाच्या, मास्टर प्लॅनमध्ये कोणता भाग रहिवासी आणि कोणता व्यापारी हे ठरलेले असते. व्यापारी भागात कापडाचे दुकान बंद होऊन दुसरे दुकान आले तर जमिनीचा वापर बदलत नाही. मात्र गल्लीच्या आतल्या, नकाशात रहिवासी असलेल्या वाड्याचा तळमजला दुकानाला दिला असेल, तर तो वापरबदल होऊ शकतो आणि त्याला परवानगी लागते. आपल्या जुन्या गल्ल्यांमध्ये ही सीमा घरागणिक बदलते. म्हणून जागेचा सीटीएस (नगर भूमापन) क्रमांक काढून बुडात नकाशा पाहणे हे पहिल्याच आठवड्यात करायचे काम.

खरी कळ: व्यापार परवाना

कळंगुटमध्ये जे झाले ते इथेही होऊ शकते, पण कसे ते नीट पाहू.

कर्नाटक महानगरपालिका कायदा १९७६ च्या कलम ३५३ खाली ठराविक धंद्यांना महापालिकेचा परवाना लागतो. व्यवहारात हे काम आरोग्य विभाग पाहतो. निपाणी-खानापूरसारख्या गावांत १९६४ चा नगरपालिका कायदा लागतो, खेड्यात ग्रामपंचायतीचा. कॅम्पातला लष्करी हद्दीचा भाग कॅन्टोन्मेंट बोर्डाच्या अखत्यारीत येतो. तिथल्या दुकानाची तक्रार महापालिकेत दिली तर ती नुसती फिरत राहते.

दुकानदार बऱ्याचदा जीएसटीचे प्रमाणपत्र किंवा कामगार खात्याकडची नोंदणी दाखवतो. दुकाने आणि वाणिज्य आस्थापना कायद्याखालची ती नोंदणी सुरू केल्यापासून तीस दिवसांत करायची असते, पण ती कामगारांच्या तास-सुट्ट्यांसाठी आहे. या दोन्हींपैकी एकही कागद व्यापार परवान्याची जागा घेत नाही.

परवाना असेल तर पुढचा प्रश्न: तो कोणत्या धंद्याचा? अर्जात ‘जनरल स्टोअर’, ‘गिफ्ट’, ‘वेलनेस’ असे काहीतरी लिहिलेले असते. लिहिलेला धंदा आणि चाललेला धंदा यांत फरक असेल, तर परवान्याच्या अटीचा भंग होतो. आपल्या हातातला सर्वांत पक्का मुद्दा हा आहे, कारण त्याला अश्लीलतेची व्याख्या लागत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट ठेवा. गाडीचे लायसन्स नसले म्हणून गाडी चोरीची ठरत नाही आणि लायसन्स असले म्हणून सिग्नल तोडता येत नाही. परवाना आणि अश्लीलता यांचेही तसेच आहे. परवाना नसल्याने बंद झालेले दुकान परवाना काढून पुन्हा उघडू शकते. आणि परवाना असलेल्या दुकानाने काचेत अश्लील चित्र लावले तर परवाना त्याला वाचवत नाही. दोन तक्रारी, दोन अर्ज, दोन कार्यालये.

साध्या दुकानाचा परवाना देताना शेजाऱ्यांच्या हरकती मागवण्याची पद्धत नाही. मास्टर प्लॅनमध्ये जमिनीचा वापर बदलायचा असेल तेव्हा जाहीर सूचना देऊन हरकती घेतात. परवान्यासाठी घेत नाहीत. त्यामुळे ‘आम्हाला न विचारता परवाना दिला’ हा मुद्दा चालत नाही. नगरसेवकांनी सभागृहात एकमताने विरोधाचा ठराव केला तरी कायद्याने दिलेला अधिकार ज्या अधिकाऱ्याचा, त्यानेच कारण लिहून निर्णय घ्यायचा असतो. दबावाखाली, नोटीस न देता, म्हणणे न ऐकता परवाना रद्द केला तर उच्च न्यायालयात तो आदेश सहसा टिकत नाही. मोर्चाने आज मिळवलेले उद्या स्थगितीत जाते, त्याचे कारण बहुधा हेच असते.

गाळ्याचा मालक विसरू नका

जुन्या पेठेतले बरेच गाळे देवस्थानचे, ट्रस्टचे, वक्फचे किंवा महापालिकेचे आहेत. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार, ज्या कामासाठी जागा भाड्याने दिली त्याहून वेगळ्या कामासाठी भाडेकरूने ती वापरायची नाही. करारात ‘कापड व्यापारासाठी’ असे लिहिले असेल तर मालक स्वतः नोटीस देऊ शकतो. महापालिकेच्या गाळ्याला लिलावाच्या अटी असतात आणि पोटभाडेकरू ठेवणे हा तिथला नेहमीचा भंग. देवस्थानच्या पंचांनी पुढचे करार करताना वापराचे कलम नेमके लिहून घेतले, तर निम्मे वाद उद्भवणारच नाहीत. करारात फक्त ‘व्यापारासाठी’ असे लिहिलेले असेल, तर मात्र हा रस्ता बंद.

निवेदन द्यायच्या आधी माहिती काढा

माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांचा. कर्नाटकच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि साधारण दीडशे शब्दांच्या आत मागणी, हे विसरले की अर्ज परत येतो. सीटीएस क्रमांक देऊन परवान्याची प्रत, परवान्याचा अर्ज, नोंदवलेला धंदा आणि तपासणी अहवाल एवढेच मागा. उत्तराची मुदत तीस दिवस. माहिती तिसऱ्या व्यक्तीशी संबंधित म्हणून दुकानदाराला विचारावे लागले तर चाळीस. उत्तर आले नाही तर तीस दिवसांत पहिले अपील.

निवेदन मराठीत दिले तर चालते का? राज्यघटनेचे कलम ३५० प्रत्येकाला राज्यात किंवा देशात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क देते. मराठी निवेदन नाकारण्याचा अधिकार कुणाला नाही, आणि हा हक्क आपण सोडू नये. फाईल लवकर हलावी म्हणून सोबत कानडी प्रत जोडा. त्यात हक्क सोडल्यासारखे काही नाही.

प्रत्येक निवेदनात एकच तक्रार लिहा. महापालिका आयुक्तांना परवान्याची, पोलिसांना काचेतल्या मांडणीची, औषध नियंत्रण विभागाला गोळ्यांची. आवक शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पाच हजार सह्यांपेक्षा लगतच्या दहा दुकानदारांनी आणि रहिवाशांनी पत्त्यासह केलेल्या सह्या जास्त वजनदार असतात, कारण पुढे न्यायालयात बाधित कोण हे त्यांवरून ठरते.

काही जण पाटीवर साठ टक्के कानडी नाही, अशीही तक्रार करायला सांगतात. हा नियम सगळ्या दुकानांना लागू आहे. ती तक्रार केली की तपासणी त्या एका दुकानावर थांबत नाही, शेजारच्या मराठी पाट्यांवर येते. या वादात तो विषय आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आंदोलनात लोक कुठे अडकतात

दुकानातल्या वस्तूंचे फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅप गटांवर ‘बघा काय विकतात’ म्हणून पाठवले जातात. ते चित्र अश्लील असेल तर पाठवणाराच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ खाली येतो. पहिल्या दोषसिद्धीला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. पुरावा म्हणून रस्त्यावरून दिसणाऱ्या काचेचा तारीखवार फोटो काढा आणि तो फक्त पोलिसांना द्या. गिऱ्हाइकांचे, विशेषतः बायकांचे, फोटो काढू नका. ते चुकीचे आहे आणि त्याने गुन्हाही दाखल होऊ शकतो.

दुकानाच्या दारात बसून वाट अडवणे हा अडवणुकीचा गुन्हा आहे. काच फोडली, कुलूप ठोकले तर बेकायदा जमावाची कलमे लागतात आणि ती पाच जणांपासून लागतात. सीमाभागातल्या तरुणांवर आधीच आंदोलनांचे खटले आहेत. त्यात आणखी भर घालणारे नेतृत्व नको.

सार्वजनिक उपद्रव म्हणून कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते, पण धंद्याबाबतची ती तरतूद लोकांच्या आरोग्याला किंवा शारीरिक स्वास्थ्याला अपाय होत असेल तरच लागते. मनाला लागलेली गोष्ट तिच्यात बसत नाही.

‘ऑनलाइन सगळे मिळते, मग दुकानालाच विरोध का?’

हा आक्षेप तरुण मंडळी घेतात आणि तो टाकून देण्यासारखा नाही. घटनेचे कलम १९ धंद्याचे स्वातंत्र्य देते. त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात, पण ते कायद्याने. प्रौढ नवरा-बायकोने काय विकत घ्यावे, हे पंचांनी ठरवायचे नाही. संकोचापोटी डॉक्टरकडे न जाणाऱ्या कितीतरी जोडप्यांना नीट माहिती देणारे ठिकाण हवेच आहे, हेही मान्य करायला हवे.

पण दुकानाचा दर्शनी भाग रस्त्याचा असतो. शाळेतून घरी जाणाऱ्या मुलीने काय पाहावे, हे तिच्या फोनवर तिचे घर ठरवू शकते; गल्लीतल्या काचेबाबत कुणाला निवड राहत नाही. म्हणून सरसकट बंदीपेक्षा अटींची मागणी जास्त फळते: काच अपारदर्शक, बाहेर चित्र नाही, पाटीवर फक्त नाव, अठरा वर्षांखालच्यांना आत प्रवेश नाही आणि वयाचा पुरावा पाहण्याची जबाबदारी दुकानदाराची, शाळा सुटण्याच्या वेळी दारात माल उतरवणे नाही. या अटी लेखी, महापालिकेच्या किंवा पोलीस ठाण्याच्या बैठकीच्या इतिवृत्तात नोंदवून घ्या. तोंडी कबुली पहिल्या दिवाळीच्या सजावटीपर्यंतही टिकत नाही.

कोर्टाची पायरी

प्रशासन हलले नाही तर घटनेच्या कलम २२६ खाली रिट याचिका, आणि बेळगावसाठी ती कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड पीठात. तिथे जाण्याआधी निवेदन, त्याची पोच, स्मरणपत्र आणि माहिती अधिकाराची उत्तरे हातात असावी लागतात. न्यायालय आधी विचारते की अधिकाऱ्याकडे गेला होता का. दाद मागताना ‘दुकान बंद करा’ यापेक्षा ‘अमुक तारखेच्या निवेदनावर कायद्यानुसार निर्णय घ्या’ एवढे मागितले तर आदेश मिळण्याची शक्यता बरीच वाढते.

दुकानदार आधी कोर्टात जाण्याचीही शक्यता असते. पंचांविरुद्ध मनाईहुकूम मागणारा दावा बेळगावच्या दिवाणी न्यायालयात दाखल झाला, तर आपले म्हणणे न ऐकता एकतर्फी आदेश होऊ नये म्हणून कॅव्हेट आधीच दाखल करता येते. ते प्रत्येक पंचाच्या नावाने, दुकानदाराला पोस्टाने प्रत पाठवून करायचे. त्याची मुदत नव्वद दिवसांची. वाद चालू असेल तर ती संपण्याआधी नवे दाखल करा.